आशाची ट्रीटमेंट

३ नोव्हेंबर २००८, सोमवार
खांदा कॉलनीत आता कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही. रात्री चारदा उठून कडी तपासली. चारही वेळा लावलेली. म्हणजे कुणीतरी उघडून परत लावतंय. चहाला वास येतो. आशा म्हणते, वेलदोडा. बघू.

४ नोव्हेंबर
आशा दर मंगळवारी भजनाला जाते. टाळ मात्र घरीच! आज दुसऱ्या रिक्षाने मागे गेलो. एसटी स्टँडमागची इमारत, पहिला मजला. पाटी : मनोविकारतज्ज्ञ.
अरेरे. तेहेतीस वर्षांचा संसार आणि बायको मेंटल झाल्याचा मला पत्ता नाही.
निश्चय : मला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही.

६ नोव्हेंबर
अनुयाचा पुण्याहून फोन. म्हणाली, बाबा, आईला माझ्याकडे नेते, तिची झोपच होत नाही. म्हणजे लेकीलाही माहीत! आशाने माळ्यावरची बॅग काढून दाराशी ठेवली. जाऊ देणार नाही. आजारी माणसाला घरच बरं.
आणि इथे मी एकटा काय करू?

८ नोव्हेंबर
मासळीवाल्या सोनाबाईला विश्वासात घेतलं. म्हणाली, "बाहेरचं हाय. नारल उतरवाया लागल." माझा विश्वास नाही, पण आशासाठी हो म्हटलं. बाईने नारळ माझ्यावरूनच उतरवला. म्हटलं, अगं, पेशंट आत पोळ्या लाटतेय. तर म्हणते, "मना म्हाईत हाय, काका. तुमी हलू नका."
अडाणीपणा.

११ नोव्हेंबर
आशाच म्हणाली, एकदा सोबत चला. गेलो. डॉक्टरला कडी, चहा, वेलदोडा, सगळं सांगितलं. आशा रडली. लक्षण स्पष्ट! पण हा गृहस्थ झोप, भूक सगळं मलाच विचारत होता, पेशंटला काही नाही. सोनाबाईचाही नेम असाच चुकला होता. दोघांचं संगनमत नाकारता येत नाही.
गोळ्या मिळाल्या. त्या सुरू झाल्या तर पुण्याला जाणार नाही, आशा म्हणाली. पण अनोळखी गोळी तिला कशी देऊ? आधी स्वतः एक घेऊन बघतो. संसारात एवढं करावं लागतं.

१२ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ
उठायला उशीर. कडी तपासायची राहूनच गेली. होती तशीच आहे. आशा ओट्याशी गुणगुणत होती. किती महिन्यांनी! चहात वेलदोडा.
एका गोळीत तिच्यात बराच फरक आहे.
बॅग माळ्यावर गेली. स्टूल मी धरलं. कोर्स महिन्याचा आहे, अर्धवट सोडू नये. घेईन मीच, तिच्यासाठी.