अण्णा वाढायला उभे राहिले तेव्हा

अण्णा, आज माझ्याकडे आठ माणसं जेवायला होती. सगळं टेबलावर मांडलं, "घ्या रे आपापलं" म्हटलं आणि मीही ताट घेऊन त्यांच्यात बसले. इथे असंच असतं. पण माझी नजर सारखी कुणाचं ताट रिकामं झालंय तिकडेच. ही खोड तुमची.

गावात कुणाकडेही कार्य असो, गोडाचं पातेलं तुमच्याच हातात असायचं. "पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं तर वाढपी मेला असं समजावं," असं म्हणत पंगतीत एवढा हशा पिकवायचात की नको नको म्हणणाराही ताट पुढे करायचा. तुम्ही स्वतः सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं घेऊन बसायचात. आई गेली आणि आपल्याकडे माणसांचं जेवायला येणंच थांबलं. म्हणून चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तुम्हाला इथे अमेरिकेत, एडिसनला आणलं. ह्यांच्या ऑफिसातल्या गोऱ्या साहेबांना जेवायला बोलावलंय म्हटल्यावर तुमचा चेहरा असा काही खुलला! "श्रीखंड माझ्याकडे लागलं," म्हणालात. दुकानातलं आठ डबे दही तुमच्या धुवट पंच्यात बांधून बाथटबच्या नळाला टांगलंत. सकाळी हे आंघोळीला गेले आणि ओरडतच बाहेर आले. किती हसलो होतो आपण.

साहेब, त्यांची बायको आणि आमच्या ओळखीची दोन मराठी जोडपी. सहा वाजता, लख्ख उन्हात सगळे जेवायला बसले. तुम्हाला बसा म्हटलं, तर "आधी पाहुणे" म्हणून तुम्ही पातेलं घेऊन उभे. आता झालं काय, साहेबांना लहानपणापासून वळण, पानात काही टाकायचं नाही. ते वाटी अगदी लख्ख करायचे. तुम्हाला वाटायचं, आणखी हवंय. तुम्ही वाढलंत की त्यांना वाटायचं, संपवलंच पाहिजे. चार वेळा! आमची मंडळी हसून लोटपोट, "अण्णा, होऊन जाऊ दे अजून एक!" साहेब लालबुंद. आणि मी सारखी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतेय, कारण ह्यांचं ग्रीन कार्ड त्याच माणसाच्या सहीवर अडकलेलं. पाचव्यांदा तुम्ही डाव उचललात आणि मी सगळ्यांदेखत कडाडले, "पुरे हो अण्णा! हे काय लग्नघर आहे? शोभा होतेय आमची. जा, आत जाऊन बसा."

हशा थांबला. तुम्ही पातेलं खाली ठेवलंत, पंच्याला हात पुसलेत आणि आत गेलात. भाषा कळली नाही तरी साहेबांच्या बायकोला सूर कळला असावा. "तुमचे वडील नाही जेवणार?" तिने विचारलं. मी ठोकून दिलं, "त्यांचं मघाशीच झालंय."

निघताना साहेब म्हणाले, आजी गेल्यापासून इतक्या मायेनं मला कुणी वाढलं नव्हतं. हे धावत येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर माफीही मागावी लागली असती, आणि मी पडले हट्टी, तुमचीच लेक. त्यानंतर कुणी जेवायला आलं की तुम्ही "आज पोट जरा जड आहे" म्हणून आत वर्तमानपत्र घेऊन बसायचात. मला कळत होतं, तरी मी कळत नसल्यासारखं करायची. तुम्ही परत गेलात. पुढच्याच वर्षी फोन आला, आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

आज मैत्रिणीच्या मुलाची वाटी रिकामी दिसली. श्रीखंड घेऊन उठले. "नो काकू, आय'म गुड," म्हणाला. इतकी वर्षं इथे राहिल्यावर मला ठाऊक आहे की एकदा नाही म्हटलं म्हणजे नाहीच. तरी मी डाव हातात घेऊन तशीच उभी. तो बिचारा संकोचला. मला रडू आलं, कांद्यावर ढकलायला ताटात कांदाही नव्हता.

हे पत्र टाकायचं तरी कुठे! त्या दिवशी सगळे गेल्यावर भांडी मीच घासली. श्रीखंडाचं पातेलं निपटलेलं, कुकरमध्ये भाताचं शीत नव्हतं, पोळ्यांच्या डब्यात नुसतं फडकं. तुमच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. जेवलात का, एवढं दाराबाहेरूनसुद्धा मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, अण्णा.