खुराड्याची कडी

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
१७ एप्रिल २०२५

ती. आबांस,
दीप्तीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुम्ही कानाचं मशीन लावत नाही, म्हणून प्रशांतकडे चिठ्ठी देतेय. वागळे इस्टेटला कामावर जातोच, घरी परतताना तो कोपरीला टाकेल.

जयंतीच्या संध्याकाळी आपण सगळे विहारात गेलेलो ना, तेव्हा परसातल्या खुराड्याची कडी उघडीच राहिली. मंगळवारी सकाळी बघते तर नुसती पिसं. रानबोका आलेला असणार. ठमी, चिंगी, बिजली, तिघीही गेल्या. खुराडं बंद करणं हे नयनचं काम, म्हणून मी तिच्यावर जाम भडकले. तिने मान खाली घालून कबूल केलं.

आता पोरगी धड जेवत नाही. कपाट, गॅस, दप्तराची चेन, सगळं पुन्हा पुन्हा तपासते. त्या नादात शाळेची रिक्षा दोनदा सुटली, तीही परीक्षेच्या दिवसांत! आठ वर्षांच्या पोरीचं हे काय चाललंय? माझा जीव नुसता वरखाली होतोय. तुमचं ऐकते ती, काहीतरी लिहा.

आणि गॅस चालू ठेवून पुन्हा बाजारात गेलात तर बघा. आणखी एकदा काही विसरलात की कोपरीच्या खोलीला कुलूप आणि सरळ इकडे, सांगून ठेवते.

लोभ आहेच, तो मशीन लावून दाखवावा.
तुमची दीप्ती

कोपरी, ठाणे (पूर्व)
१९ एप्रिल

चि. दीप्तीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून वाईट वाटले. नयनला रागावू नकोस. कडी कोणाच्याही हातून राहू शकते. बाजारातून दोन-तीन पिल्ले आणून दे, पोर रमेल. माझी तब्येत उत्तम आहे, गॅस नीट बंद करतो. संध्याकाळी कट्ट्यावर मंडळी जमतात, मात्र दोन दिवस मी खाली उतरलेलो नाही. करमत नाही. कारण विशेष काही नाही.

सर्वांना जयभीम. माया असू द्यावी.
तुझे आबा

मानपाडा
२२ एप्रिल

ती. आबांस,
स. जयभीम.

पिल्लं आणली. नयनने हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, तिच्याकडे काही सांभाळायला देऊ नका, तिच्या हातून मरतं. आबा, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले हो. पिल्लं परत दिली. एवढं होऊनही तुम्ही तिला दोन ओळी लिहिल्या नाहीत, याचा मला रागच आलाय.

दीप्ती

कोपरी
२३ एप्रिल

चि. नयनला,
आबांचा जयभीम आणि खूप खूप पापे.

हे पत्र आधी आईने वाचावे, मग तुला द्यावे.

बाळ, त्या संध्याकाळी तू खुराडे बंद करायला निघाली होतीस. कार्यक्रमात पहिले गाणे तुझेच होते, म्हणून मीच तुला विहारात पुढे पाठवले. कडी मी लावतो म्हणालो. दार लोटले, तेवढ्यात चष्मा आत राहिल्याचे आठवले. तो आणायला गेलो आणि कडी तशीच राहिली. कोंबड्या माझ्यामुळे गेल्या.

तुझ्या आईचे पत्र आले त्याच दिवशी हे लिहायला हवे होते. मी घाबरलो. माझी खोली जाईल म्हणून लहान लेकराच्या डोक्यावर दोष राहू दिला. याची फार लाज वाटते. आता आईने खोलीला कुलूप लावले तरी माझी तक्रार नाही.

जमल्यास माफ कर.
तुझे आबा

मानपाडा
२४ एप्रिल

प्रिय आबांना,
नयनचा जयभीम.

मला माहीत होतं. कडी तुम्ही लावणार होतात ना. पण आईला सांगितलं असतं तर तिने तुम्हाला कोपरीवरून उचलून आणलं असतं. मग तुमचे कट्ट्यावरचे मित्र? म्हणून मीच हो म्हटलं. पण आई रोज तेच तेच बोलायची, मग मलाच खरं वाटायला लागलं.

आई तुमचं पत्र वाचून रडली. आधी मला सॉरी म्हणाली, मग तुमच्यावर चिडली. खोलीचं काय ते समोर बसून बोलू म्हणते. आज मी रिक्षात वेळेवर बसले.

तुमचं पहिलं पत्र आई वाचत होती तेव्हा मी दाराशी उभी होते. मला वाटलं, आता आबा सांगतील. तुम्ही पिल्लं आणायला सांगितलंत.

रविवारी या. मी अजून थोडी रागावलेली असेन. तरी या.

तुमचीच,
नयन