फाटकाचं कुलूप आणि तीनची बोट

९ ऑगस्ट
फेरारा सोडलं. कुलपांचं दुकान बंद. दारावरची पाटी मी स्वतः लिहिली. अक्षर सुरेख आलं.

यंदाची अट स्पष्ट आहे. "नदीच्या मुखाशी असतात म्हणतोस ते गुलाबी रोहित पक्षी मला या डोळ्यांनी दिसले, तर पुढच्या वर्षीही तंबू," असं बायको, लोरेदाना, म्हणाली. नाही दिसले तर रिमिनीला, तिच्या बहिणीकडे. रिमिनीला माणसं किनाऱ्यावर छत्र्यांखाली रांगेने पडलेली असतात, वाळत घातलेल्या मासळीसारखी. मेहुणीचा नवरा रेन्झो कित्येक वर्षं एकाच छत्रीखाली पालथा आहे. मेलो तरी जाणार नाही.

लोरेदानाने सायकल टपावर बांधायला लावली. ओझं नुसतं. सांगून पाहिलं.

१० ऑगस्ट
तळावर पोचून तंबू उभा केला. सूचनांचा कागद वाचला नाही, त्याची गरज अडाण्यांना. जेवणाआधीच एक बाजू खाली आली. दुसरी बाजू शेवटपर्यंत टिकली, हे कुणी लक्षात घेत नाही.

शेजारच्या कॅराव्हॅनमध्ये तोस्काबाई, रोव्हिगो गावच्या, विधवा. दरवर्षी याच पाइनखाली, दारात जिरॅनियमच्या कुंड्यांसकट. मला मास्तर म्हणतात. आदर असावा. त्यांनी येऊन खुंट्या नीट ठोकून दिल्या, पण कधी? दुपारी, शांततेच्या वेळेत. दीड ते साडेतीन इथे हातोडा नाही, रेडिओ नाही, गाडी आत-बाहेर नाही. जेवावं आणि पडावं. इतका सुसंस्कृत नियम, आणि फाटकाला नुसती दोरी. राखणदार एल्व्हिओ तर कुणीही हात हलवला की ती उचलतो.

११ ऑगस्ट
कोमाक्कियो. मोठ्या पुलाच्या पायऱ्यांवर उभा राहून लोरेदानाला गावाचा इतिहास सांगितला. दहा-बारा जर्मन जमले. मी मिठावरून व्हेनिसशी झालेल्या भांडणापर्यंत आलो तोच त्यांची गाइड आली आणि सगळे तिच्यामागे गेले. एकाने जाताना मान हलवली. जाणकार दिसला. लोरेदाना मधेच कधीतरी खाली उतरून तळलेले मासे खात बसली होती.

पाणथळीवर रोहित नाहीत. एक शेकाट्या पक्षी मात्र दिसला, लांब पायांवर उभा. ती काठी आहे, असं लोरेदानाचं मत.

१२ ऑगस्ट
पोम्पोझाचा मठ. घंटेच्या मनोऱ्याच्या खिडक्या वर वर जाताना रुंद का होतात, ते समजावलं. डास फार. एकट्या मलाच चावतात. रक्त शुद्ध असणार.

परतताना लांब पाण्याकडेला गुलाबी थवा. गाडी थांबवली, दुर्बीण काढली, लोरेदानाला गप्प राहायला सांगितलं. बारच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या निघाल्या. लोरेदाना म्हणाली की बसून तरी घेऊ. बसलो. कॉफी बेताची.

१३ ऑगस्ट
कामाचा दिवस. तळाच्या मॅनेजरला भेटून दोरीचा विषय काढला आणि माझ्याकडचं सगळ्यात भारी कुलूप साखळीसकट भेट दिलं. (गाडीत एक असतंच.) स्वतः बसवून दिलं. किल्ली एकच, एल्व्हिओकडे. एल्व्हिओ म्हणाला, दुपारी मी आईकडे जेवायला गावात जातो, मधे कुणाला निघायचं झालं तर? मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मॅनेजरने हात मिळवला.

तोस्काबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, दोरीनं आमचं काही अडत नव्हतं हो."

उद्या तीनची बोट. आत, उथळ पाण्यातल्या बेटांपर्यंत जाते. नावाडी म्हणतो, रोहित दिसणारच. परवाच्या उन्हाळी सणामुळे पुढचा सगळा आठवडा भरलेला. म्हणजे उद्याच. रिमिनीचा निकाल लागल्यात जमा.

१४ ऑगस्ट, दुपार
एकला निघायचं होतं. त्याआधी जेवण. लोरेदाना तोस्काबाईंशी बोलत बसली आणि पास्ता एक मिनिट जास्त शिजला. एक मिनिट. लगदा. ती म्हणाली, "ओरेस्ते, पास्ता आहे तो, कुलूप नाही. थोडा मऊ पडला तर खा."

तत्त्वाचा प्रश्न होता. ओतून दिला. नवीन पाणी ठेवलं. वारा सुटलेला, शेगडी चिमुकली. वेळ लागला, पण दुसरा पास्ता अप्रतिम. दाताला हवा तेवढाच लागणारा. शेवटचा घास तोंडात असताना शांततेची घंटा झाली.

फाटकापर्यंत गाडी नेली. कुलूप. एल्व्हिओ आईकडे, किल्ली त्याच्या खिशात. लोरेदानाची केसाची पिन घेऊन प्रयत्न केला. तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, ते कुलूप पिनेने उघडत नाही. अभिमान वाटला.

बाजूच्या पायवाटेच्या दारातून सायकली जातात. सायकली दोन. एक लोरेदानाची, एक तोस्काबाईंची. माझं तिकीट तोस्काबाईंनी पर्समध्ये ठेवलं. लोरेदानाने मागे वळून पाहिलं नाही. सायकल चालवताना पाहू नये, हे मीच तिला शिकवलंय.

साडेतीनपर्यंत मी शांतता पाळली.

१४ ऑगस्ट, संध्याकाळ
आल्या. नाकं लाल, चपला चिखलाने भरलेल्या. रोहित शेकड्यांनी. नावाड्याने लोरेदानाला वल्हं धरू दिलं. कोळ्यांच्या जुन्या झोपडीत निखाऱ्यावर भाजलेली वाम खाल्ली. बोलणं थांबेना. "आणि उडताना पंखाखाली लालभडक असतात, ओरेस्ते. हे तू कधी सांगितलंच नाहीस."

माहीत होतं. राखून ठेवलं होतं.

१५ ऑगस्ट
सण. सगळ्या तळाचं लांब टेबल, कलिंगडं. एल्व्हिओ माझ्याशी बोलला नाही. लाजाळू आहे.

लोरेदानाने ग्लास उचलून सगळ्यांसमोर जाहीर केलं: पुढच्या वर्षी पुन्हा तंबू. मी जिंकलो. रेन्झो इथे असायला हवा होता.

१६ ऑगस्ट
काही तपशील काल सुटले. पुढच्या वर्षी लोरेदाना येणार, तिची बहीण येणार, शेजारी तोस्काबाई आहेतच. तंबू माझाच नेणार. मी म्हटलं, अट ठरली होती. ती म्हणाली, "अट तंबूची होती. त्यात तू कुठे होतास?"

एल्व्हिओने कुलूप कागदात गुंडाळून आणून दिलं. फाटकाला पुन्हा दोरी.

रेन्झोला फोन केला. बायको इकडे येणार म्हणून तोही एकटा पडणार, बिचारा. माणुसकी म्हणून ठणकावून सांगितलं, रिमिनीला येईन, पण पहिल्या रांगेतली छत्री असेल तरच. तो म्हणाला, पहिली भरली. पाचवीत एक आहे, न्हाणीघराजवळ. विचार करून कळवतो म्हटलं.

फोन ठेवायच्या आधी म्हटलं, तोवर माझ्या नावावर धरून ठेव.