रक्षेच्या दिवशी मोठ्याने वाचावे

मी, आकाराम नाथाजी विरकर, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी व्याख्याने, आता काही नाही, राहणार विरकरवस्ती, तालुका माण, जिल्हा सातारा, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. आवाज नाही. मिरजेला घशाचे ऑपरेशन झाले, त्यात तो गेला. दुःख होईल असे वाटले होते. तसे काही झाले नाही.

पत्नी अंबूबाई वारली. मूलबाळ नाही. मागे बहीण दगडाबाई आणि धाकटा भाऊ सयाजी. नवऱ्याने टाकल्यापासून दगडाबाई माझ्याकडे आहे. मेंढरे तीच राखते.

१. वाटणीत माझ्या नावावर आलेली जमीन, विहीर, घर आणि सर्व मेंढरे दगडाबाईला मिळावीत. सयाजीचा वाटा त्याला तेव्हाच मिळाला आहे. तरी गेल्या आठवड्यात तो लुगडे घेऊन आला. आमच्याकडे बहिणीला लुगडे नेसवतात आणि हक्कसोडीवर अंगठा घेतात. माझा आवाज गेला आहे, कान गेलेले नाहीत, हे तो विसरला.

"आक्का, अण्णांच्या माघारी बाईच्या नावानं जिमीन ऱ्हायली तर लोकं माझ्या त्वांडात शेण घालतील."

"मग त्वांड मिटून ऱ्हा की रं," दगडाबाई म्हणाली.

लुगडे तिने ठेवावे. अंगठा देऊ नये.

२. सत्काराच्या शाली. थंडीत जन्मलेली कोकरे दगडाबाई त्यांत गुंडाळते. तसेच चालू द्यावे. आमचे पुढारी लालासाहेब यांची शाल सर्वांत ऊबदार निघाली. भर सभेत माझा कर्णा बंद करवणाऱ्या माणसाबद्दल एवढे चांगले लिहिले, पुरे.

३. पुस्तके वडूजच्या वाचनालयास. समासात मी लेखकांशी भांडलो आहे. ते खोडू नये.

४. वय माणसाला पायरीपायरीने घडवते, असे मी सभांतून सांगत असे. टाळ्या पडत. माझे एवढेच झाले: लहानपणी या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या मेंढरांना हाका घालून घसा तयार झाला. तरुणपणी सभेला कर्णा नसे, तिथे तोच घसा कामी आला. मते मागाहून, वाचून आली, आणि आली ती पक्की. बाईला जमीन मिळावी, हे त्यातलेच एक. विट्यापासून सांगलीपर्यंत ते बोललो. आता पुन्हा मेंढरांपाशी बसलो आहे. ती दगडाबाईचीच हाक ओळखतात. मिरजेहून आल्यावर ती म्हणाली, "अण्णा, लय बोललासा. आता मेंढरं बगा." बघतो.

५. रक्षा सावडायच्या दिवशी आमच्या भागात ओढ्याकाठी श्रद्धांजलीची भाषणे होतात. मी पुष्कळांसाठी केली. माझ्यासाठी कोणी करू नये. लालासाहेब उठतील, त्यांना बसवावे. त्याऐवजी खाली साक्षीला असलेल्या नानासोंनी हा कागद पहिल्या ओळीपासून वाचावा. आवाज चढवू नये. घरात वाचलेला कागद घरातच दबतो. गावाने ऐकलेला दबत नाही.

दगडाबाई माझ्या एकाही सभेला आली नाही. मेंढरे कोणावर टाकून येणार? त्या दिवशी मेंढरे तिथेच ओढ्याकाठी चरू द्यावीत आणि तिला सगळ्यांच्या पुढे बसवावे. वाचून झाल्यावर सयाजीने उठून तिच्याकडे बघत "व्हय" म्हणावे. तेवढे एक भाषण चालेल.

(सही) आकाराम नाथाजी विरकर
मुक्काम दहिवडी, ९ फेब्रुवारी १९७४

आम्हा दोघांसमक्ष अण्णांनी सही केली. "मजकूर तुमचाच न्हवं?" असे विचारल्यावर त्यांनी होकाराची मान हलवली.

साक्षीदार:
१. नानासो ज्ञानू गोरड (सही)
२. कोंडीबा भाऊसो खांडेकर (डाव्या हाताचा अंगठा)