काकडीला दोन माणसं

२५ फेब्रुवारी २०२५

वेलींना कात्री लावली एकदाची! खालच्या चार पेरांवरच्या बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातले कोवळे फुटवे, काढून टाकल्या. ठेवल्या तर सगळी ताकद पानांत जाते. समोरच्या फ्लॅटमधले कुंदनभाई गच्चीवर आले. "मलाही शिकायचंय," म्हणाले. त्यांना सुतळी धरायला दिली आणि मी तिच्याभोवती वेल गुंडाळत वर नेली. "जिवंत फांदी तोडताना वाईट नाही वाटत?" असं विचारत होते. मी बी.एस्सी.ला शिकलेलं सगळं ऐकवलं. जरा जास्तच बोलले का?

त्यांची बायको, प्राजक्ता, वर्षभर जळगावला माहेरी आहे. भांडून गेली म्हणतात. हे इथे लिहायची काय गरज? — पण लिहिलं.

४ मार्च

रोज सकाळी येतात. इथे उधन्याच्या उन्हात पानं लवकर माना टाकतात, म्हणून शाळेत शिकवायला जायच्या आधीच काम उरकायचं. आई म्हणाली, "काकडीला दोन माणसं लागतात होय गं?" म्हटलं, एक सुतळी धरायला. "मग मी येते की धरायला!" — आणि जिना चढताना गुडघे धरते ती! दोघी हसलो. मला हसू जरा उशिरा आलं.

११ मार्च

आज त्यांच्या "अपर्णाबेन"मधलं "बेन" गळलं. चुकून असेल.

१९ मार्च

वरच्या बगलफुटी दोन पानांवर खुडायच्या, म्हणजे काकड्या चांगल्या धरतात. आता ते न सांगता खुडतात. आज मात्र मुख्य शेंडाच धरला! "अहो, तो नाही!" म्हणून मी त्यांचा हात पकडला. मग सोडला. लगेच सोडला का? खरं लिहायचं तर — नाही. त्यांनीही ओढून घेतला नाही. यावरून काही समजावं का? वय चव्वेचाळीस, आणि मी हे असलं लिहितेय!

२८ मार्च

"प्राजक्ता येतेय पाडव्याला. कायमची." सुतळीला गाठ मारता मारता त्यांनी सांगितलं. वर पाहिलं नाही.

"अरे वा! छान झालं," मी म्हटलं.

छानच आहे की. मोडायला आलेला संसार सावरतोय. त्याचं वाईट वाटणारी बाई कसली?

गाठ सैल राहिली होती. ते खाली गेल्यावर मी पुन्हा मारली.

३ एप्रिल

पहिली काकडी. कोणाला दाखवू? आईला चिरून दिली. "कडू नाही हो!" म्हणाली. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

कोणी काही बोललंच नव्हतं. मग माझं गेलं काय? त्यांना खरंच काकडीच शिकायची असेल. बाकी सगळं मीच वाढवलं.

८ एप्रिल

जिन्यात दोघं भेटले. "केम छो, अपर्णाबेन?"

बेन!

१३ एप्रिल

प्राजक्ता गच्चीवर कपडे वाळत घालायला आली. चांगली आहे. तेच वाईट. मी पाच-सहा काकड्या पुढे केल्या. म्हटलं, कुंदनभाईंनीही मेहनत घेतलीय. ती हसली. "नको हो ताई! ह्यांना काकडीचा वासच सहन होत नाही. घरात चिरली तरी गॅलरीत जाऊन उभे राहतात. तुम्हाला बोलले नाहीत कधी?"

नाही बोलले.

वेलीला कात्री लावली की तोच वास सुटतो. ते रोज शेजारी उभे होते.