साठ गोळ्यांचे वाटे

तांडा, शिरड शहापूरजवळ
४ जुलै २०२५

ती. पुजाताईस मिनाचा शि. सा. न. वि. वि.

इकडं बापू, याडी आणि मी बरे आहोत. पत्र काहून लिहिते म्हणून हसू नकोस. फोन घरात एकच, लेकीचा आवाज आला की आपली याडी तो स्पीकरवर ठेवते आणि अर्धा तांडा ऐकत बसतो. वसमतच्या बसचा ड्रायव्हर पाकीट नांदेडला तुझ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर तुझ्याकडं पोचवतो, तेच बरं.

ताई, तुझ्या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या गं! सकाळी एक, दुपारी एक. दोन आठवडे झाले, अंगणवाडीत एकदाही डोळा लागला न्हाई. लेकरांची गाणी मी शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणते. आधी खिचडीत मीठ टाकता टाकता उभ्या उभ्या झोप यायची. मे महिन्यात तपासणीच्या बाईंनी मला तशीच धरली ते तुला माहीतच आहे. त्या १७ तारखेला परत येणार, सकाळभर बसणार. पुन्हा झोपलेली दिसले की सेविकेचं काम गेलं. झोपाळू म्हणून सासरच्यांनी परत धाडल्यापासून माझं म्हणावं असं हे एकच आहे माझ्याकडं.

एक तकलीफ आहे. साठातल्या बत्तीस गोळ्या उरायला पाहिजेत. डबीत चौदाच आहेत. दोनदा मोजल्या. आणखी पाठवशील ना?

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी मिना

नांदेड
७ जुलै

चि. मिनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. अठरा गोळ्या काय उंदरांनी नेल्या? मिने, खरं सांग, तू दुप्पट घेतेस ना? तपासणी जवळ आली म्हणून घाबरून खातेस.

अगं, हा काय कडक चहा आहे का? आपल्या मेंदूत डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन अशी रसायनं असतात. एका पेशीतून सुटतात, दुसरीला निरोप देतात आणि लगेच मागं ओढली जातात. ही गोळी ते मागं ओढणं अडवते, म्हणून निरोप टिकतो आणि माणूस जागा राहतो. तुझ्या नार्कोलेप्सीत जाग सांभाळणाऱ्या पेशीच गेल्यात, म्हणून तुला ती लागते. जी लेकरं एका जागी टिकतच नाहीत, त्यांच्यातल्या काहींनाही देतात, पण तपासून, मापून. जास्त झाली की तीच गोळी नाडी पळवते, रक्तदाब चढवते, भूक मारते, डोक्यात भलते संशय घालते. सवयही लागते. म्हणून तिची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि महिना भरायच्या आत मी सख्ख्या बहिणीलाही देत नाही. शिकलेली आहेस, एवढं तर कळायला पाहिजे!

उलट टपाली खरं काय ते लिही. रागावले तरी तुझीच आहे.
पुजा

तांडा
९ जुलै

ती. ताईस मिनाचा नमस्कार.

शि. सा. न. आज लिहीत न्हाई, कारण मला तुझा राग आलाय. आयुष्यभर सगळ्यांनी मला आळशी म्हटलं, आता तू खोटारडी म्हण.

तुझं पत्र मी याडीला वाचून दाखवलं. गोळीनं नाडी पळते हे ऐकून तिनं चुलीवरचा तवा खाली उतरवला. मग बोलली. बोकड कापला की घरटी वाटा जातो न्हाई का, तसे तिनं माझ्या गोळ्यांचे वाटे केले, ताई! पिकअप चालवणाऱ्या रतनसिंगला सहा, स्टेअरिंगवर डुलकी येते म्हणून. सखुबाईच्या नातीला सहा, तलाठ्याची परीक्षा आहे म्हणून. उरलेल्या नर्मदाबाईला, ती म्हातारी दिवसभर पेंगते म्हणून. इतकं गुणाचं औषध एकाच घरानं काहून खावं, असं याडीचं म्हणणं.

रतनसिंगनं एका दमात दोन घेतल्या. त्याला बीपी आहे हे तोच विसरला. छाती धडधडून घामाघूम झाला, औंढ्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. आता बरा आहे. पण कालपर्यंत गोळी मागणारी माणसं आज मिना नशा करते म्हणून राहिलीत. मी कुणाकुणाला समजावू?

आता चारच उरल्यात, तुझं उत्तर येईस्तो त्यांना हात लावत न्हाई. १७ तारीख आठ दिवसांवर आहे. काही कर.
मिना

नांदेड
११ जुलै

चि. मिने,

मी तुझ्यावर आळ घेतला. चुकले. मोठी असून चुकले.

पण ऐक, मला काहीच करता येत नाही. डॉक्टर २४ पर्यंत सुट्टीवर. दुसऱ्या डॉक्टरांना भेटले, ते म्हणाले, पेशंट न पाहता हे औषध मी लिहिणार नाही. बराबरच आहे त्यांचं, आणि त्याचाच संताप येतो. माझ्या पाठीमागच्या कपाटात गोळ्या आहेत, किल्ली माझ्या कमरेला आहे. काल दोनदा कपाट उघडलं आणि बंद केलं. एक गोळी कमी भरली तर माझी नोकरी जाईल, ते एक वेळ चालेल. पण मग याडीत आणि माझ्यात फरक काय राहिला?

१६ पर्यंत रजा टाक. चारही गोळ्या राखून ठेव. १७ ला नेहमीसारखीच एक सकाळी, एक दुपारी, जास्त नाही. आणि आजाराचा कागद बाईंसमोर ठेव, लाजू नको.

याडीवर ओरडू नको. तिच्या जिवाला माहीत नव्हतं.
तुझी चुकलेली ताई

तांडा
१९ जुलै

ती. ताईस मिनाचा शि. सा. न. वि. वि.

राग गेला. याडीचं आधी सांगते. ती घरोघर जाऊन उरलेल्या गोळ्या परत मागत फिरली. दिलेला वाटा परत मागणारी बाई आपल्या तांड्यात आजवर कुणी पाहिली नसेल. पाच मिळाल्या, पदराला बांधून आणल्या. ताई, तिचा चेहरा बघवत नव्हता.

१७ ला सकाळी एक गोळी घेतली. बाई नऊला आल्या. मी गाणं घेतलं, हजेरी घेतली, खिचडी वाढली, डोळे टक्क उघडे. आजाराचा कागद त्यांनी न वाचताच घडी करून वहीत ठेवला. मग लेकरांची वजनं सुरू झाली. चार वर्षांची सेजल झोळीतून उतरली आणि बाईंना म्हणाली, आता तुमी बसा, तुमचं किती भरते बघू.

मला हसू आलं. पोटातून आलं.

ताई, एक गोष्ट मी लपवली होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, या आजारात काहींचे हसताना गुडघे सुटतात, तुझे सुटतात का. मी न्हाई म्हटलं. हसली की पडते ही गोष्ट कशी सांगायची, कोण मला दुसऱ्यांदा घरात घेईल, असं वाटलं. परवा गुडघे सुटले, मान गेली, मी वजनाच्या झोळीखाली आडवी झाले. बोट हलेना, पापण्याही उचलेनात. पण मी जागी होते गं! सगळं ऐकत होते. सेजल रडायला लागली ते ऐकलं. बाईंनी पेन उघडलं, कामावर पुन्हा झोपलेली आढळली असं एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहिलं, तेही ऐकलं. आतून ओरडत होते, आवाज फुटत नव्हता.

मिनिटभरात उठले. सांगितलं की मी झोपले नव्हते. त्या म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात, सही करा. मी पेन घेतलं आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं की मी जागी होते, आणि त्यांनी लिहिताना काय काय म्हटलं ते सगळं शब्दाशब्दानं उतरवलं. मग सही केली. बाईंनी ते पान ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. वही मिटली.

सोमवारी हिंगोलीला सुनावणीला बोलावलंय. तू ये. माझ्या बाजूनं बोलू नको, मी बोलते. फक्त मी मध्येच पडले तर त्यांना सांग की ती ऐकते आहे.

तुझी,
मिना