साडेसहा फुटांची दारं

२ डिसेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी चित्रकलेची पेटी गेल्या आठवड्यात पोचली. तू ती भंगारात द्यायला सांगितलीस आणि तुझ्या बायकोनं गुपचूप माझ्या पत्त्यावर धाडली, म्हणून तिच्यावर रागावू नकोस. उन्हाळ्यात झटका आल्यापासून तुझा उजवा हात ऐकत नाही, हे मला कळतं. पण चाळीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढणारा माणूस सहा महिने पेन्सिलीला शिवत नाही, नुसता खिडकीशी बसून राहतो, हे मला बघवत नाही. डॉक्टर म्हणतात डावा हात ठणठणीत आहे. तू म्हणतोस, डाव्या हाताला काय कळतं.

बरं, तू काढणार नसशील तर मी काढते. शिलाईचं दुकान लेकीच्या हवाली केल्यापासून माझे हात नुसते शिवशिवतात. रोज सकाळी दहाच्या उन्हात बाहेर बसून एक चित्र, असं ठरवलंय. पहिल्या दिवशी थंडीनं पाच मिनिटांत बोटांची लाकडं झाली. मग जुन्या हातमोज्याची तीन बोटं टोकाला कापली, काठ दुमडून शिवले. आता वीस मिनिटं निभतात. सोबत बागेतला बाक पाठवतेय. रखवालदारानं वाकून पाहिलं आणि सोफा झकास आलाय म्हणाला. तुला काय दिसतं ते कळव.

लोभ असू दे. नसला तरी उत्तर असू दे.
ताई

९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

(अक्षर माझं, शब्द यांचे. मध्ये मी बोलले तर कंसात. — तुमची भावजय)

पेन्सिल मी हातात धरणार नाही. चुका तोंडी सांगतो, ही लिहून घेईल. बाकाची प्रत्येक फळी तू शिवणीसाठी अर्धा इंच जादा सोडून काढली आहेस. लाकूड आत दुमडायचं नसतं, ताई. म्हणून त्याचा सोफा झाला. मागचा दिव्याचा खांबही पुढच्याइतकाच उंच काढलास. लांबचं लहान काढतात.

आधी पानं गळालेली झाडं काढ. या दिवसांत झाडाचे सगळे सांधे उघडे दिसतात, फांदी कुठून फुटते ते कळतं. थंडीत माणूस पेन्सिल आवळून धरतो आणि रेघ मेल्यासारखी येते, तेव्हा हात खांद्यापासून हलव. दव वाळल्याशिवाय बसू नकोस, कागद फुगतो. आणि मफलर बांध. गेल्या वर्षीचा तुझा खोकला इथवर ऐकू येत होता.

मी बरा आहे. (बरे नाहीत. परवा दिवसभरात तीन वाक्यं बोलले. तुमचा बाक बघून मात्र हसले.)

लहान तोंडी मोठा घास घेतला, तरी माया आटू देऊ नये ही विनंती.
तुझा धाकटा

१७ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सात दिवसांत अकरा झाडं काढली. खरं सांगते, सुरुवात तुझ्यासाठी केली होती, पण आता सकाळी उठल्यावर आधी ऊन पडलंय का ते बघते. चाळीस वर्षं याच गल्लीतून दुकानात गेले, आणि पाण्याच्या टाकीमागचं झाड दोन खोडांचं आहे हे मला या आठवड्यात कळलं.

तुझा तो लांबचं लहान काढायचा नियम मात्र मला पटत नाही. आमच्या गल्लीत नऊ घरं, एकाच मिस्त्रीनं बांधलेली. काल टेप घेऊन गेले आणि पहिल्या व नवव्या घराचं दार मोजून आले. दोन्ही साडेसहा फूट. नवव्या घरातल्या बाईंनी काय मोजताय म्हणून विचारलं. भावाशी वाद आहे म्हटल्यावर त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं. गिऱ्हाइकाचा एक हात माझ्यापासून लांब होता म्हणून मी ती बाही तोकडी शिवली असती, तर दुकानाला कधीच कुलूप लागलं असतं.

नऊ सारखी दारं काढून पाठवतेय. गल्ली काही आत जात नाही, कुंपणासारखी आडवी उभी आहे. माझं कुठं चुकतंय ते नीट समजावून सांग. रागावलास तरी चालेल.

तुझी वादात न हरणारी,
ताई

२६ डिसेंबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र माझंच. तुमचं पत्र वाचून हे अक्षरशः तडकले. दारं मोजलीस, म्हणे टेपनं मोजलीस, असं घरभर म्हणत फिरले. मग समजावून सांगायला बसले. मी चार कागद लिहिले, पण डोळ्याची पातळी आणि तिरप्या रेघा मलाच कळेनात, तुम्हाला काय कळणार. पाचव्या कागदाला यांनी माझ्या हातातली पेन्सिल हिसकावली, डाव्या हातानं, आणि स्वेटरही न घालता गॅलरीत गेले. समोरच्या घरांची ओळ बघत पाऊण तास काढत होते. वाऱ्यानं कागद उडायला लागला तेव्हा उजवा हात त्यावर वजनासारखा ठेवला. म्हणाले, यालाही काम मिळालं. मी आत येऊन दार लोटून घेतलं, कारण मला रडू आवरेना.

चित्र सोबत आहे. यांचा निरोप असा, की ताईला सांग, छान म्हणू नकोस. मी पेला उचलला तरी या घरात टाळ्या वाजतात.

तुमच्या मायेची सवय झालेली,
भावजय

२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट दुकानातच फोडलं. लेक गिऱ्हाइकाचं माप घेत होती आणि मी कापडाच्या गठ्ठ्याआड बसून पोटभर रडले. तेवढं सांगून टाकते, त्यावर पुन्हा बोलायचं नाही.

आता चित्राकडे वळू. तुझा नियम पटला. गल्लीच्या तोंडाशी एक डोळा मिटून उभी राहिले, तर नववं दार माझ्या नखाएवढं. मी हरले. पण तुझं चौथं दार तिसऱ्यापेक्षा मोठं झालंय. डावीकडची भिंत पार कलली आहे, तिच्याखालून मी तरी जाणार नाही. आणि इतक्या घरांना मिळून एक खिडकी नाही, माणसांनी श्वास कुठून घ्यायचा? चाळीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला हे शोभत नाही. स्वेटर घाल, नवा कागद घे आणि पुन्हा काढून पाठव.

वाट पाहणारी,
ताई